मोडी दस्तऐवज, खुणांकित पाठ आणि मराठी विभागांची जबाबदारी

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या ऑगस्टपर्यंत मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांच्या कानी पडण्याचे काही विशेष कारण नव्हते. २९ ऑगस्टला तेथे मनोज जरांगे पाटील यांचे उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला पोलिसांचा लाठीमार झाला, आणि पुढचा इतिहास सर्वांस ठाऊक आहे. आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा करणे हे प्रस्तुत लेखाचे प्रयोजन नाही. परंतु त्या आंदोलनाच्या ओघात आपल्या अभ्यासक्षेत्राशी थेट निगडित अशी एक गोष्ट घडली, आणि तिची दखल आपण जेवढी घ्यावयास हवी होती तेवढी घेतलेली नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मोडी लिपी ही काही इतिहाससंशोधक, दोनचार पुराभिलेखागारे आणि हौशी अभ्यासवर्ग यांच्यापुरती उरली होती. ती एकाएकी गावच्या पारावर बोलण्याचा विषय झाली. आजोबा-पणजोबांच्या नावापुढे काय लिहिले आहे हे वाचून देणारा माणूस लोक शोधू लागले.

निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला. पावणेदोन कोटींच्या आसपास दस्तऐवज तपासले गेले व त्यांत ११,५३० नोंदी आढळल्या, असे शासनाने ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस सांगितले. उर्दू व मोडी दस्तऐवजांचे भाषांतर, डिजिटायझेशन आणि प्रमाणीकरण करून ते लोकांसाठी खुले करावयाचे, हेही त्याच वेळी ठरले. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासननिर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्यात आला. म्हणजे जुना कागद, त्याचे वाचन आणि त्या वाचनाची विश्वासार्हता यांवर आज माणसांची शिक्षणे आणि नोकऱ्या अवलंबून आहेत. पाठनिश्चिती हा शब्द आपण वर्गात ज्या निर्धास्तपणे उच्चारतो, त्या निर्धास्तपणास येथे जागा नाही.

या साऱ्या खटाटोपात मराठी विभाग कोठे होते? मोडीचे वर्ग काही ठिकाणी चालविले गेले, हे खरे. पण वाचलेला पाठ कोणत्या स्वरूपात जतन करावा, त्यात वाचकाची शंका कोठे व कशी नोंदवावी, आणि दुसऱ्या अभ्यासकास तो पाठ तपासता यावा यासाठी कोणती साधने लागतात, याचा विचार आपल्या विभागांतून अभावानेच झाला. तो व्हावा आणि त्यासाठी लागणारी संगणकीय साधने प्रत्येक विभागाने आपल्या हाताने आपल्या यंत्रांवर उभी करावीत, एवढेच सांगण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. कागद स्कॅन केला म्हणजे तो संगणकात 'आला', असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात संगणकात येते ते कागदाचे छायाचित्र. त्यातील 'मौजे' हा शब्द संगणकाच्या लेखी शब्द नसतो, तर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची रांगोळी असते. जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर हजारो पाने चढविली, तरी त्यांतून एखाद्या गावाचे नाव शोधावयाचे तर पान उलटीत बसण्यावाचून गत्यंतर नाही. फरक इतकाच की पूर्वी धूळ लागत असे, आता लागत नाही. प्रतिमेचे महत्त्व कमी आहे असा याचा अर्थ नव्हे. मूळ कागद उद्या कसरीने खाल्ला तर तीच शेवटची साक्ष राहील. पण प्रतिमा हा पाठ नव्हे, आणि पाठ तयार करणे हे आपले काम आहे.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे. मोडी जाणकाराने पान वाचले, त्याचे देवनागरी लिप्यंतर केले, टंकलेखकाने ते टंकित केले, एक स्वच्छ पान मुद्रित होऊन हाती आले, की काम झाले असे आपण मानतो. ते पान इतके स्वच्छ असते की शंका घेण्यास जागाच उरत नाही, आणि नेमका हाच त्याचा दोष आहे. मोडीत शब्दांमध्ये अंतर सोडण्याची चाल नाही. ओळभर एकच शिरोरेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहिली जातात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही. संक्षेपांचा तर सुकाळ असतो. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'मौजे', 'परगणे' हे शब्द बहुधा पूर्ण लिहिलेलेच नसतात. एक अक्षर आणि पुढे दोन उभ्या रेघा, एवढ्यावर भागविलेले असते. अशा पानावर जाणकार वाचक दहा ठिकाणी थबकतो. संदर्भाने, सवयीने, क्वचित अंदाजाने पुढे जातो. हे थबकणे हा वाचनाचा गाभा आहे, आणि टंकित पानात त्याचा मागमूस राहत नाही. निश्चित वाचलेले अक्षर आणि अंदाजाने वाचलेले अक्षर तेथे एकाच ठशात, एकाच तोऱ्यात उभे असतात.

मराठवाड्याच्या कागदांची गुंतागुंत याहूनही अधिक आहे. हा प्रदेश १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. दरबारची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. गावचे कुलकर्णी दप्तर मात्र मराठीत व मोडीत. सन फसली. १३१० फसली म्हणजे इसवी सनाचे १९००-०१, हे ज्याला ठाऊक नाही तो कागदाची एक पिढी चुकवितो. पुन्हा जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी. अंबड तालुका तोवर औरंगाबाद जिल्ह्यात होता. एकाच गावाचे कागद त्यामुळे अनेक कचेऱ्यांत विखुरलेले असणे स्वाभाविक आहे. एकाच नोंदीत दोन लिप्या, दोन कालगणना आणि दोन-तीन भाषांतील शब्द, असा हा ऐवज आहे. त्याला साध्या टंकित पानात कोंबणे म्हणजे पाच मापांचे धान्य एका पोत्यात ओतणे होय.

या अडचणीवर जो उपाय आहे त्याला इंग्रजीत मार्कअप म्हणतात. येथे त्यासाठी 'खुणांकन' हा शब्द योजला आहे. शब्द नवा असला तरी व्यवहार जुना आहे. खिळ्यांच्या छपाईच्या काळात संपादक हस्तलिखिताच्या समासात खुणा करून ते जुळाऱ्याकडे पाठवीत असे. हे ठळक घ्या, येथे परिच्छेद तोडा, हा शब्द मूळ प्रतीत असाच आहे, सुधारू नका. मार्कअप हे नाव इंग्रजीतही छापखान्यातील अशाच व्यवहारातून आले आहे. संगणकावरील खुणांकन म्हणजे याच समासातील खुणा, फक्त त्या पाठाच्या आत, यंत्राला कळतील अशा शिस्तीने केलेल्या.

किंबहुना आपल्या वाङ्मयपरंपरेत याहूनही जुना दाखला आहे. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या 'लीळाचरित्रा'ची मूळ प्रत नष्ट झाली व पुढे ते स्मरणाच्या आधारे पुन्हा सिद्ध करण्यात आले, असे महानुभाव परंपरा सांगते. ते सिद्ध करताना त्या मंडळींनी जे केले ते आजच्या कोणत्याही पाठचिकित्सकाने मान तुकवावी असे आहे. वेगवेगळ्या व्यक्तींच्या स्मरणातील पाठ त्यांनी एकात एक मिसळून टाकले नाहीत. हिराइसेचा पाठ, परशरामबासांचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ असे निर्देश करून भेद तेथल्या तेथे नोंदविले. 'वासना' आणि 'शोधु' ही त्यांची पारिभाषिक पदे लीळाचरित्राच्या अभ्यासकांना परिचित आहेत. कोणता पाठ कोणाचा, तो कशावरून, हे पाठाच्या अंगातच टिपून ठेवण्याची ही रीत म्हणजे खुणांकनच होय. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह या १९८७ साली सुरू झालेल्या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने पाठभेद नोंदविण्यासाठी जी योजना केली आहे, तीत प्रत्येक भेदाला त्याच्या साक्षी-प्रतीचे नाव जोडावे लागते. हे वाचताना महानुभावांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवून पाहावे. पैठणास एकनाथांनी शके १५०६, म्हणजे १५८४ साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मराठी भाषेवर हे त्यांचे थोर उपकार आहेत. त्यांच्यामुळे एक सुघटित पाठ आपल्याला मिळाला. परंतु कोणत्या ओवीत कोणता शब्द अबद्ध वाटला, तो कोणत्या प्रतीत होता आणि त्याच्या जागी काय घातले, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. पुढील संशोधकांना एकनाथपूर्व पाठाचा ठाव घेण्यासाठी जे श्रम करावे लागले, त्यांचे मूळ या नोंदीच्या अभावात आहे. यात एकनाथांस दोष देण्याचा उद्देश नाही. त्यांचे प्रयोजन वेगळे होते, आणि भक्तासाठी शुद्ध पाठ पुरेसा असतो. संशोधकाला मात्र शुद्धीचा मार्गही लागतो. आज मोडी नोंदींचे लिप्यंतर करणारे आपण कळत-नकळत एकनाथांचा मार्ग पत्करीत आहोत, आणि एकनाथांचा अधिकार तर आपल्याजवळ नाही.

आता साधनांकडे वळू. दोन परंपरा लक्षात घेतल्या पाहिजेत. पहिली टेक या मुद्रणप्रणालीची. डोनाल्ड कनूथ या गणितज्ञ-संगणकतज्ज्ञास १९७७ मध्ये आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते इतकी कुरूप वाटली की, ग्रंथ बाजूला ठेवून त्याने मुद्रणाची प्रणालीच रचावयास घेतली. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक हा सुलभ थर चढविला. तीत लेखक अक्षराचा आकार ठरवीत बसत नाही. हे प्रकरण, ही तळटीप, हे उद्धरण असे साध्या अक्षरांत लिहून ठेवतो, आणि पान रचण्याचे काम यंत्र करते. दुसरी परंपरा एसजीएमएल आणि तिच्यातून १९९८ मध्ये निघालेल्या एक्सएमएल या भाषेची. हिला पान कसे दिसावे याच्याशी कर्तव्यच नाही. पाठात काय आहे, एवढेच ती सांगते. टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्हची मार्गदर्शक तत्त्वे आता याच भाषेत आहेत.

एक्सएमएलमध्ये खुणांची नावे देवनागरीत ठेवता येतात, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. नमुन्यादाखल रचलेली एक ओळ पाहा :

<स्थळ>मौजे <अस्पष्ट कारण="कसर">सराटी</अस्पष्ट></स्थळ> <काळ इसवी="१९००-०१">सन १३१० फसली</काळ>

ही ओळ वाचण्यास कोणत्याही प्रशिक्षणाची आवश्यकता नाही. 'सराटी' हे वाचन कसरीमुळे शंकित आहे, मूळ कागदावर फसली सन आहे आणि त्याचा इसवी मेळ संपादकाने घातला आहे, हे तीत स्पष्ट आहे. हीच खूण संक्षेपासाठी करता येते : कागदावर काय आहे ते एकीकडे, आपण तो कसा सोडविला ते दुसरीकडे. लुप्त झालेला मजकूर, संपादकाने भरलेला मजकूर, लेखकाचा हस्तदोष, त्याची केलेली दुरुस्ती, प्रत्येकाला वेगळी खूण. उद्या कोणी विचारले की या दप्तरातील किती नोंदींत व्यक्तीच्या नावापुढील शब्दाचे वाचन शंकित आहे, तर संगणक क्षणात त्या ओळी काढून देईल. तेवढ्याच ओळी मूळ कागदाशी ताडून पाहता येतील. सबंध दप्तर पुन्हा वाचावे लागणार नाही. आंतरराष्ट्रीय विनिमयासाठी मार्गदर्शक तत्त्वांतील मूळ इंग्रजी नावे ठेवावीत आणि शिकविताना मराठी नावे वापरावीत, असे माझे मत आहे. दोहोंचा मेळ घालून देणे अवघड नाही.

लाटेकची गरज पुढच्या टप्प्यावर लागते. खुणांकित पाठातून मुद्रित आवृत्ती काढावयाची तर पाठभेदांच्या तळटीपा, ओळींचे क्रमांक, दोन लिप्या समोरासमोर, हे सारे जुळविणे डीटीपीवाल्याच्या हाती सोपविले की प्रत्येक दुरुस्तीगणिक ओळी सरकतात आणि टीपांचे क्रमांक चुकतात. ज्याने चिकित्सक आवृत्तीची मुद्रिते तपासली आहेत त्याला हे दुःख सांगावे लागत नाही. संस्कृत आणि अभिजात ग्रंथांच्या संपादकांनी यासाठी लाटेकची साहाय्यक साधने घडवीत आणली आहेत. अलीकडची एकडोसिस ही आज्ञावली तर एकाच मूळ संहितेतून मुद्रित पान आणि एक्सएमएल दोन्ही काढून देते.

देवनागरीपुरते बोलावयाचे तर फ्रान्स व्हेल्टहॉइस यांनी १९९१ च्या सुमारास टेकसाठी देवनागरीची सोय केली होती; पण तेव्हा रोमन अक्षरांत टंकित करून ते देवनागरीत उतरवावे लागे. त्याच काळात आपल्याकडील बहुतेक छपाई निरनिराळ्या खासगी संकेतांच्या टंकांवर गेली. त्याचे फळ आपण आज भोगीत आहोत. आमच्या विभागाच्या एका जुन्या अंकाची संगणकीय प्रत काही वर्षांपूर्वी उघडून पाहिली. मराठी लेखांच्या जागी रोमन अक्षरे, टिंबे आणि अवतरणचिन्हे यांचा खच पडलेला. ज्या टंकात तो अंक जुळविला होता तो टंक आता कोणाजवळ नाही. छापील अंक कपाटात आहे म्हणून निभावले. मोडीच्या शंभर वर्षांपूर्वीच्या कागदाहून पंचवीस वर्षांपूर्वीची आपली स्वतःची फाइल अधिक दुर्वाच्य ठरावी, हे लाजिरवाणे आहे.

युनिकोड आल्यावर हा प्रश्न बव्हंशी सुटला. बव्हंशी असे म्हणण्याचे कारण आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिला जातो. एकात नुक्ता असलेला ऱ वापरतात, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका पद्धतीने शोध घेतला तर दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सापडत नाही. हजार पानांच्या संहितेत अशी सरमिसळ झाली की शब्दसूची विश्वासार्ह राहत नाही. 'ॲ' या अक्षराला तर स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मध्ये. या गोष्टी संगणकतज्ज्ञांच्या आहेत असे म्हणून सोडून देता येणार नाहीत. मराठी लेखनाचे नियम ज्यांना कळतात त्यांनीच येथे एकरूपता ठरविली पाहिजे. मोडीचा समावेश युनिकोडमध्ये २०१४ साली झाला, पण टंक अजून मोजकेच आहेत. म्हणून तूर्त देवनागरी लिप्यंतरावर भर देणे व्यवहार्य ठरते.

आता प्रत्यक्ष उभारणी. यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. विभागात असेल तो साधा संगणक पुरतो. टेक लाइव्ह हा संच विनामूल्य मिळतो. तो काही गिगाबाइटचा असल्यामुळे ग्रामीण महाविद्यालयात जाळ्यावरून उतरविणे जिकिरीचे, परंतु एकदा शहरात उतरवून पेन ड्राइव्हवर नेता येतो आणि जोडणीवाचून बसविता येतो. त्यातील झीलाटेक हे अंग युनिकोड मराठी थेट स्वीकारते. जोनाथन क्यू यांनी ते २००४ मध्ये सिद्ध केले. मुंबईच्या आयआयटीतून निघालेला 'शोभिका' हा टंक जुन्या संयुक्ताक्षरांनाही पुरून उरतो, आणि तो मुक्त आहे. टंकाला भाषा मराठी असल्याचे सांगावयास विसरू नये. अनेक टंकांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणे असतात, पण न सांगितल्यास हिंदी वळणे छापली जातात. उर्दू मजकुरासाठी नस्तालिक टंक आणि उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय त्याच संचात जोडता येते. मराठवाड्याच्या कागदांना ही सोय ऐच्छिक नाही. खुणांकित संहिता लिहिण्यासाठी साधा संपादक, खूण उघडली आणि मिटली की नाही हे तपासणारी एक आज्ञावली, आणि प्रत्येक दिवसाची प्रत वेगळी राखण्याची शिस्त, एवढे झाले की पुरे. टंकलेखन इन्स्क्रिप्ट कळपाटीवरच शिकवावे. पहिला आठवडा कष्टाचा जातो, पण अक्षर कसे घडते हे हाताला कळते.

मराठीसाठी लाटेक कसे वापरावे याची मराठीतूनच लिहिलेली मार्गदर्शिका टेकच्या जागतिक भांडारात उपलब्ध आहे. ती गणिताच्या क्षेत्रातील व्यक्तीच्या पुढाकाराने सिद्ध झाली, मराठीच्या विभागातून नव्हे. हे नमूद करताना आनंद होतो आणि संकोचही.

यावर जे आक्षेप घेतले जातात त्यांपैकी पहिला असा की, साहित्याच्या विद्यार्थ्याने आज्ञावल्या का शिकाव्यात. हा आक्षेप घेणाऱ्यांनी स्वतः मुद्रितशोधनाच्या खुणा शिकलेल्या असतात, छंदांची मात्रागणना शिकलेली असते, काहींनी मोडीही शिकलेली असते. एक्सएमएलच्या पंधरा-वीस खुणा यांपैकी कशाहूनही अवघड नाहीत. चूक झाली की संगणक इंग्रजीत खेकसतो, हे खरे. विद्यार्थी घाबरतात ते त्या खेकसण्याला, कामाला नव्हे. नेहमीच्या दहा-बारा चुकांचे संदेश मराठीत भाषांतरित करून भिंतीवर लावले की भीती मोडते, असा आमचा अनुभव आहे.

दुसरा आक्षेप नव्या काळाचा आहे : यंत्रच आता मोडी वाचू लागेल, मग हा खटाटोप कशाला? या दिशेने प्रयत्न होत आहेत, आणि ते स्वागतार्ह आहेत. आयआयटी रुरकीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये मोडी पानांच्या प्रतिमा आणि त्यांची देवनागरी लिप्यंतरे यांचा जो संच पुढे आणला, तो दोन हजारांहून थोड्या अधिक प्रतिमांचा आहे. पावणेदोन कोटी दस्तऐवजांच्या समोर ही संख्या ठेवून पाहावी. यंत्राला शिकविण्यासाठी तपासलेले पाठ लागतात, आणि ते देणारे हात माणसांचेच असावे लागतात. शिवाय यंत्राला शंका येत नाही. आली तरी ती ते बोलून दाखवीत नाही. कसरीने खाल्लेल्या जागीही ते एखादे सुबक अक्षर बसवून देते. शंका नोंदविण्याची शिस्त आपणच अंगी बाणविली नाही, तर यंत्राला ती कोठून येणार?

तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. खुणांकनाने काम मंदावते. दिवसाकाठी दहा पाने वाचणारा मोडी जाणकार खुणा करीत बसला तर कदाचित चारच वाचील, आणि कचेरीच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाला प्रमाणपत्र हवे असते, चिकित्सक आवृत्ती नको असते. त्याचे म्हणणे रास्त आहे. म्हणून महसुली निकडीचे काम थांबवून खुणांकन करावे असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांच्यामागे अशी निकड नाही त्या विद्यापीठांनीही घाईचीच पद्धत उचलावी, हे मात्र समजण्यापलीकडचे आहे. कादंबरीवरील प्रबंधाला किंवा एखाद्या स्फुट लेखाला यांतील कशाची जरुरी नाही, हेही येथेच सांगून टाकतो.

आपल्या हाती काय आहे? पीएच.डी.साठी हस्तलिखित अथवा दप्तर संपादित करणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याकडून छापील प्रबंधासोबत खुणांकित संहितेची प्रत मागावी. शोधगंगेवर आज मराठी प्रबंधांच्या पीडीएफ मोठ्या संख्येने आहेत, पण जुन्या टंकांत जुळविलेल्या वा नुसत्या स्कॅन केलेल्या प्रबंधांत शब्द शोधता येत नाही. ज्या संशोधनासाठी एखाद्याने आयुष्याची पाच वर्षे वेचली, ते नावापुरतेच उपलब्ध असते. एक ओळीचा नियम केला तर पुढील पिढीचे तरी हे हाल वाचतील. तसेच एम.ए.च्या पाठसंपादनाच्या अभ्यासपत्रिकेत चार तास या साधनांस द्यावेत. कुणबी नोंदी हा या सामग्रीचा एक भाग झाला. अंबडच्या शेजारच्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. रामदासी मठांतील बाडे शंकर श्रीकृष्ण देव यांनी गावोगाव फिरून धुळ्यास जमविली. जी मठांतून, वाड्यांतून आणि माळ्यांवर अजून पडून आहेत, त्यांचे वाचन उद्याच्या विद्यार्थ्यांना करावयाचे आहे.

आमच्याकडे गेल्या वर्षी अंबड तालुक्यातील एक विद्यार्थी घरच्या जुन्या गाठोड्यातील एक कागद घेऊन आला. वतनाच्या हिश्शावरून झालेल्या तंट्याचा तो मजकूर होता. जातीचा उल्लेख त्यात कोठेच नव्हता, आणि त्यामुळे घरच्यांच्या दृष्टीने तो निरुपयोगी ठरला होता. त्याने तो वाचावयास घेतला. पहिल्या पानावर त्याच्या संहितेत 'अस्पष्ट' ही खूण बावीस ठिकाणी पडली. महिनाभराने त्याच हाताचे दुसरे कागद वाचून झाल्यावर त्याने ती पाने पुन्हा उघडली. त्यांतल्या नऊ खुणा उठल्या. आधी जेथे तो निःशंक होता अशा तीन जागी नव्या पडल्या. दोन्ही प्रती आम्ही ठेवल्या आहेत.